टीव्हीवरचे अब्बा

पंधरा वर्षं डॉक्टर जाफर सरकारला सल्ला देत होते, पण कोळसाखाणींच्या घुग्घुसात कुणाला त्याचा पत्ता नव्हता. फाइलीवर शेरा लिहायचा आणि गुपचूप घरी यायचं, असाच त्या कामाचा रिवाज. फोटो मंत्र्यांचा छापून यायचा. "तुमचं नाव कुठाय, अब्बा?" लेक कहकशाँ चिडून विचारी. ते हसत. "नाव नाही तेच बरं, बेटा. खरं लिहिता येतं."

आता बातम्यांच्या वाहिन्या निघाल्या होत्या. मंत्री अडचणीत आले की सल्लागाराला कॅमेऱ्यासमोर बसवत. खाणीच्या धुळीवर अब्बा बोलणार हे कळलं, तेव्हा कहकशाँनेच गल्लीत घरोघरी सांगितलं. दोनच महिन्यांपूर्वी त्यांनी तिच्या लेकीची, अदीबाची छाती तपासली होती आणि हलक्या आवाजात म्हणाले होते, "हिला इथून हलव. ही धूळ लेकरांची छाती खाते." नवऱ्याच्या बदलीचा अर्ज तिने त्याच आठवड्यात द्यायला लावला होता.

संध्याकाळी सातला तिच्या बैठकीत पाय ठेवायला जागा उरली नाही. खिडक्यांना ओल्या चादरी बांधलेल्या, तरी टीव्हीच्या काचेवर बोट फिरवलं की काळं होई. शेजारच्या इंदुताई नात दिव्यानीला मांडीवर घेऊन अगदी पुढे बसल्या होत्या. दिव्यानीचा खोकला अदीबासारखाच. उद्याच्या एसटीनं त्या तिला मुलचेऱ्याला, भावाच्या शेतावर नेऊन ठेवणार होत्या. कहकशाँ महिनाभर मागे लागली, तेव्हा कुठे तयार झाल्या होत्या.

अब्बा दिसले.

"अवो, पावडर लावलं का काय यायले!" कुणीतरी म्हणालं आणि खोलीभर हशा पिकला.

"धूळ आणि मुलांचा खोकला यांचा संबंध सिद्ध झालेला नाही," अब्बा म्हणाले. "पालकांनी घाबरून जाऊ नये."

टाळ्या पडल्या. बाया उठल्या, घर रिकामं झालं. इंदुताई तेवढ्या रेंगाळल्या.

"चाल, माहं मुलचेऱ्याचं जाणं टळलं. लेकरू मायजवळ राहीन."

"नका ऐकू, ताई. मला ते वेगळंच बोलले होते. अदीबाला हलव म्हणाले."

"साऱ्या दुनियेसमोर एवढा मोठा माणूस खोटं काऊन बोलन? तुहं पयलं लेकरू हाय, पोरी. ते शिंकलं तरी तू भेऊन राह्यली."

फोन वाजला. अब्बाच होते. आवाज थकलेला.

"अदीबा कशी आहे? बदलीचं काय झालं? उशीर करू नकोस, कहकशाँ."

"अब्बा, हेच इंदुताईंना सांगा. माझ्यापाशीच उभ्या आहेत. त्यांची नातही तशीच खोकते, दोन वर्षांची आहे." ते काही बोलायच्या आत तिने रिसीव्हर इंदुताईंच्या हातात दिला आणि आपला कान जवळ नेला.

पलीकडे घसा खाकरल्याचा आवाज आला.

"नमस्कार ताई. काळजीचं काही कारण नाही."

मघाचाच, टीव्हीवरचा आवाज.

"लय बरं झालं, सायेब. जीव टांगणीले लागला होता." इंदुताईंचा चेहरा फुलला. रिसीव्हर परत देऊन त्यांनी खोकणाऱ्या दिव्यानीला कडेवर घेतलं आणि त्या अंगणात उतरल्या.

"बेटा," अब्बा म्हणत होते, "ऐकतेस ना? माझा नाइलाज..."

बाहेरून इंदुताईंनी सुनेला मारलेली हाक ऐकू आली, "पिशवीतले कपडे काढून ठेव वो! पोरगी कुठी नाई जात."