ओळंब्यानं न पाहिलेला भूकंप

मित्रांनो, मी आहे ओळंबा. जुना, पितळेचा, मुठीत मावणारा आणि स्वभावानं भलताच अस्वस्थ. मला दोरीला टांगलं की सगळे वाट बघतात, हा कधी एकदाचा थांबतो. मीही तीच वाट बघत असतो. पण वारा सुटला, शेजारून ट्रॅक्टर गेला, की माझी चुळबुळ पुन्हा सुरू. जन्मभर स्थिर होण्याची नोकरी केली आणि जन्मभर हलत राहिलो.

माझा जन्म मेहकरच्या एका तांबटाच्या भट्टीत झाला. साखरखेर्ड्याच्या चांदबीनं माहेराहून आणलेली पितळी घागर बुडाशी फुटली होती. तिचा नवरा निजाम नुकताच मिस्त्री झाला होता. "मोडीत देण्यापेक्षा तुमच्या कामाले येईन," असं म्हणून तिनं घागरीचा तुकडा त्याच्या हातावर ठेवला. तो तुकडा वितळला आणि मी झालो. निजामनं मला पहिल्यांदा दोरीला बांधलं, तेव्हा मी अभिमानानं इतका गरगरलो की त्याला हसू आलं.

माझं काम सोपं आहे. दोरीच्या वरच्या टोकाला माझ्याच रुंदीचा लाकडी ठोकळा असतो. तो भिंतीला वर टेकवायचा आणि मला खाली सोडायचं. मी भिंतीला अलगद स्पर्श करून थांबलो, तर भिंत सरळ. दूर लोंबकळलो, तर भिंत बाहेर झुकलेली. निजाम माझ्याशिवाय विटेचा थर चढवत नसे. त्याच्या भिंतींचं नाव झालं, देऊळगाव राजाहून त्याला बोलावणी येऊ लागली. नाव त्याचं होत होतं, फुगत मात्र मी होतो.

पुढं ते नव्या बियाण्याचं वर्ष आलं. पाकिटातलं बीटी कापसाचं बियाणं गावोगाव पेरलं गेलं आणि झाडं बोंडांनी वाकली. सहदेव आणि जनकाबाई या नवरा-बायकोला कापूस ठेवायला जागा पुरेना, म्हणून त्यांनी दसऱ्याआधी विटांची नवी खोली काढली. तशा खोल्या तेव्हा सगळ्या गल्ल्यांत उठत होत्या आणि निजाम एकाच वेळी तीन कामांवर धावत होता. सहदेवच्या पायव्याचा खड्डा कमरेइतका झाला, तरी काळी मातीच लागत होती. खाली टणक मुरूम लागेपर्यंत खणायचं, हा निजामचा स्वतःचाच नियम. त्या दिवशी त्यानं खड्ड्यात डोकावून पाहिलं, दुसरं काम वाट बघत होतं त्या देऊळगावच्या रस्त्याकडे पाहिलं आणि मजुरांना म्हणाला, "बस झालं. भरा दगड."

मी तेव्हा पिशवीत होतो. मला वाईट वाटलं नाही, कारण मला काही कळलंच नाही. भिंत सरळ आहे का, एवढंच मी सांगतो. ती कशावर उभी आहे, हे मला कुणी विचारत नाही.

नंतरची वर्षं तशी भरभरून आली नाहीत. फवारण्या वाढल्या, कापसाची पानं लाल पडू लागली, आणि जो पिकला तो भावाची वाट बघत चैत्रापर्यंत खोलीत आढ्याला टेकून राहू लागला. कापूस असेपर्यंत त्या खोलीत कापूस निजायचा. तो विकला की सहदेव आणि जनकाबाई तिथं खाट टाकायचे.

अशाच एका वैशाखात कापूस हलला आणि मागच्या भिंतीत वरपासून खालपर्यंत बोटभर रुंद भेग दिसली. त्याच आठवड्यात गावातल्या मोतीरामच्या विहिरीत सुरुंग लावले होते, त्यांच्या धक्क्यानं घरोघरची भांडी वाजली होती. झालं! भेग आणि भांडी यांची लोकांनी गाठ मारली. "भूकंप झाला!" किल्लारीच्या भूकंपाची आठवण सगळ्यांच्या काळजात होतीच. अर्धं गाव अंगणात खाटा टाकून निजू लागलं.

सहदेव निजामला घेऊन आला. निजामनं भेग पाहिली. तिच्यावरून हात फिरवला. मग खाली बघत म्हणाला, "भूकंपानंच झालं, भाऊ. जमिनीपुढं कोनाचं चालते? सिमेंटनं बुजवून देतो. पाऊस लागायच्या आत खुशाल आत निजा."

पिशवीत माझा जीव कासावीस झाला. त्यानं मला बाहेर काढलंच नव्हतं. इतक्या वर्षांत मला न विचारता त्यानं भिंतीबद्दल एक शब्द काढला नव्हता. मला बाहेर काढा, असं ओरडावंसं वाटत होतं, पण पितळेला कुठं तोंड असतं!

सहदेवची मुलगी मंजुश्री मेहकरच्या शाळेत विज्ञान शिकवायची. सुटीला घरी आली होती. ती म्हणाली, "चाचा, भूकंप झाला असता तर शेजारच्या केसरबाईची उतरंड पडली असती. मडक्यावरचं झाकणबी हाललं नाई."

"पण भांडे वाजले ना, बेटी."

"ते सुरुंगानं." तिनं अंगणापलीकडच्या तडकलेल्या रानाकडे बोट दाखवलं. "हे ढेकळं पाहा. एकमेकाले घासतात त्या कडा भुरभुर होतात, मधला भाग बसून राह्यते. जमिनीचेबी असेच मोठमोठे तुकडे आहेत, लय हळू सरकणारे. हिमालयाखाली दोन तुकडे भिडतात, म्हणून तिकडं धक्के जास्त. आपण जुन्या, जाड तुकड्याच्या मधात राह्यतो. इथं ताण साचायले लय काळ लागते. म्हणून धक्के कमी, अन् बहुतेक हलके."

"मंग किल्लारी?" जनकाबाईनं विचारलं. "थे बी मधातच होतं ना?"

मंजुश्रीनं मान डोलावली. "हाव आई. मधातबी जुनी कमजोर जागा असू शकते. कमी म्हंजे कधीच नाई, असं नोहे. पण ही भेग त्याची नाई. चाचा, ओळंबा लावून दाखवा."

"दोरी तुटली," निजाम म्हणाला.

मित्रांनो, दोरी धडधाकट होती. मंजुश्रीनं पिशवीत हात घालून मला बाहेर काढलं आणि त्याच्या हातात दिलं.

तो स्टुलावर चढला. बाहेरच्या बाजूनं ठोकळा वर टेकवला, मला खाली सोडलं. मी हलू लागलो. सगळे वाट बघू लागले. वारा नव्हता, ट्रॅक्टर नव्हता, सुरुंग नव्हता. तरी मी थांबेना. डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे. किल्लारीच्या पहाटे खिळ्यावर टांगलेला असताना मी डुललो होतो, पण असा नव्हतो हललो. मग मला कळलं. भुई शांत होती. निजामचा हात थरथरत होता.

जनकाबाईनंही ते पाहिलं. ती हळूच म्हणाली, "निजामभाऊ, मले फक्त एवढं सांगा. मी इथं निजू का नको निजू?"

बाकी कुठलाही प्रश्न त्यानं टोलवला असता, हा टोलवता येईना. दोन्ही हातांनी त्यानं ठोकळा घट्ट धरला आणि मी थांबलो. भिंतीपासून दोन बोटं दूर.

"नका निजू, बाई," तो म्हणाला. "भूकंप नाई झाला. मुरूम लागायच्या आधी मीच खंदणं थांबवलं होतं. पावसात काळी माती फुगते, उन्हाळ्यात आटते. भिंत तिच्यासंगं वर-खाली होऊन राह्यली. नाचता येईना अंगण वाकडं, तसं केलं मी. जमिनीवर ढकललं."

सहदेव खवळला, बराच वेळ बोलला. बोलायलाच हवं होतं. दुसऱ्या दिवशी छपराला टेकू लागले, भिंत उतरली, पायव्याचे दगड निघाले. निजाम स्वतः खड्ड्यात उतरला. जेमतेम हातभर खाली पहार टणकन वाजली. मुरूम तिथंच होता, इतकी वर्षं. त्या आवाजानं तो खड्ड्यातच खाली बसला, आणि मला माझ्या साऱ्या फुशारकीची लाज वाटली.

भिंत पुन्हा उभी राहिली. मंजुश्रीच्या हट्टानं खोलीला चारी बाजूंनी सळ्यांचा काँक्रीट पट्टाही आला, कारण कमी म्हणजे कधीच नाही असं नसतं. पाऊस लागला तेव्हा जनकाबाईनं त्याच भिंतीला खाट लावली.

आता निजाम थकला आहे. मला त्यानं मंजुश्रीच्या शाळेला दिलं. वर्गातल्या खिळ्यावर मी धूळ खात लोंबतो. वर्षातून एकदा, विज्ञान दिनाला, मला पुसतात. मुलं मला धक्का देऊन "भूकंप! भूकंप!" ओरडतात आणि मी अजूनही थांबायची धडपड करतो.

मित्रांनो, मला पुसलं नाही तरी चालेल. तुमच्या पायाखालची भुई बहुतेक दिवस शांतच असते, तिच्यावर उगाच आळ घेऊ नका. एखाद्या दिवशी मी फार हललो, तर आधी दोरी धरणाऱ्या हाताकडे बघा. आणि तो हात तुमचाच असेल, तर जनकाबाईची खाट आठवा.