शेवटच्या पाण्याचे बुडबुडे

आमच्या लाँड्रीत कपड्यांचं शेवटचं पाणी कुणी ओतत नाही. पिंपात साठवायचं, त्यानेच फरशी पुसायची, हा माझा नियम. मी दुसरीपर्यंत शिकले, पण पाणी किती नि सोडा किती, हे मला कुणी शिकवू नये.

थोरल्याची मुलगी मात्र सोळा वर्षं शिकली. गच्चीवर तिने अ‍ॅल्युमिनियमच्या ट्रेला कसलीशी पिवळी पूड फासली, पाणी ओतलं, वर काच ठेवली. पूड स्वस्तातली, म्हणाली. ऊन पडलं की पाण्यातून जळणारा वायू सुटतो, उद्या बॉयलरही त्यावर चालेल. नळीने बाटलीत धरलेल्या वायूला काडी लावली तर फट्‌ करून पेटला. घरदार हुरळलं. मी नाही. फुकटचं म्हटलं की माझे कान टवकारतात.

त्या दिवशी दोन वाजता कंपनीची माणसं बघायला येणार होती. पसंत पडलं तर पोरीला तिथे जागा. खोटं निघालं तर जन्माचं तोंड काळं. खाली बॅटरी लपवून पोरगी बुडबुडे काढत असणार, असं माझ्या मनाने घेतलं. ट्रे उचलला, विटा चाचपल्या. काही नाही. ती जेवायला बसली तशी गिऱ्हाइकाचं जाड ब्लँकेट ट्रेवर टाकलं आणि जरा वेळाने कडेने डोकावले. अंधारातही बुडबुडे चालूच.

बोट बुडवलं. बुळबुळीत. तिला वर बोलावलं.

"पाणी कुठलं घेतलंस?"

"पिंपातलं. नळाचं सांडलं की तू घर डोक्यावर घेतेस ना, आजी."

"त्यात सोडा असतो, शहाणे. सोडा अ‍ॅल्युमिनियम खातो नि बुडबुडे सोडतो. माझी दोन पातेली खाल्लीत त्याने."

"म्हणजे पेटला तो वायूही सोड्याचाच," ती म्हणाली. नियम माझाच होता, पण तेव्हा मी ते बोलले नाही.

सून म्हणाली, आजचा दिवस हेच दाखवू, पाहुण्यांना काय कळतंय. पोरगी काय करते ते मला बघायचं होतं.

तिने ट्रे उचलून बाजूला ठेवला. खालून काचेचं भांडं, नळाचं पाणी आणि पूड लावलेली काचेची एक पट्टी आणली. ही तिची पहिली पट्टी, बुडबुडे कमी म्हणून टाकून दिलेली.

माणसं आली. पट्टीवर बारीक सात-आठ बुडबुडे धरले होते.

"एवढंच?" साहेबांनी विचारलं.

"एवढंच. पण उन्हाचं आहे," पोरगी म्हणाली.

"कशावरून?"

मी ब्लँकेट पुढे केलं. झाकलं, तर नवा बुडबुडा धरेना. काढलं, तर थोड्या वेळाने टाचणीच्या डोक्याएवढा एक आला. साहेब चष्मा पुसून पुन्हा वाकले. पुढच्या आठवड्यात पट्टी घेऊन कंपनीत ये, म्हणाले.

ते गेल्यावर मी पिंप गटारात उलटं केलं. सून बघतच राहिली.

"सासूचा नियम आहे," मी म्हटलं, "सासूच मोडणार."