शिगोशीग वाटी

"आली! परत आली! आणि तीही शिगोशीग भरून!" थोरलीनं डाळीची वाटी ओट्यावर अशी आदळली, की प्लॅस्टरमधला हात उशीवर ठेवून पडलेला तिचा नवरा दचकून उठून बसला.

"अगं, डाळच आली ना? मग ओरडतेस काय?"

"मग आता ही वाटी काय रिकामी पाठवू? वर? तिच्याकडे?"

वरच्या मजल्यावर धाकटी जाऊ राहायची. चुली वेगळ्या होऊन बरीच वर्षं झाली होती. पण जिना एकच, आणि त्या जिन्यावरून वाट्या सारख्या खाली-वर चालायच्या. वरून डाळ आली की खालून साखर जायची, साखरेला उत्तर म्हणून तांदूळ यायचे. वाटी रिकामी परतवायची नाही आणि आलेल्यापेक्षा कमी भरायची नाही, हा दोघींचा हट्ट. भरल्या घरात हट्टही शोभून दिसतो. पण इमारती रंगवणारा नवरा शिडीवरून पडला, हात मोडून बसला, आणि थोरलीच्या काज-बटणांच्या कामावर घर भागेना. तरी वाटी काही थांबेना! उलट धाकटी हल्ली रोजच धाडायची. मुद्दाम करतेय, दिमाख दाखवतेय, असं वाटून थोरली पेटायची आणि डब्याच्या तळाला हात घालायची. आज तांदळाच्या डब्यात हात घातला, तर नखाला नुसता पत्रा लागला.

नवरा हळूच म्हणाला, "वाचनालयामागच्या हॉलमध्ये किराणा देतात म्हणे. फुकट. जाऊन तर ये."

"आणि धाकटीनं बघितलं तर? काय अब्रू राहील माझी?"

"ती कशाला मरायला येतेय वाचनालयाकडे?"

थोरली डोक्यावरून ओढणी घेऊन निघाली. हॉलच्या दारातून दोनदा मागं फिरली, तिसऱ्यांदा आत शिरली आणि बघतच राहिली. अबब! टेबलांवर कांद्यांचे ढीग, पिठाच्या पिशव्या, तेलाच्या बाटल्या! एक ढेरपोट्या माणूस ओरडत होता, "या, या, लाजायचं काम नाही! बटाटे घ्या, पीठ घ्या!" थोरलीला एकदम हुरूप आला. आज रात्री चूल पेटणार! रांगेत ती टाचा उंचावून पुढचे ढीग बघू लागली.

बघता बघता नजर पुढच्या बाईच्या खांद्यावर गेली. स्वेटरला तपकिरी बटण, आणि ते हिरव्या दोऱ्यानं टाचलेलं. अरे देवा! मागच्या थंडीत तपकिरी दोरा संपला, म्हणून 'खांद्याकडे कोण बघतंय' म्हणत हे थोरलीनं स्वतःच लावून दिलं होतं. धाकटी! माझ्यावर पाळत ठेवून आली की काय?

तेवढ्यात ढेरपोट्यानं विचारलं, "ताई, घरात माणसं किती?"

"पाच," धाकटी पुटपुटली. "छापखान्यानं ह्यांचा पगार अडकवलाय हो. चार महिने झाले."

"अगं बये!" थोरली ओरडलीच.

धाकटी गर्रकन वळली. "जाऊबाई! मी आपली... सहजच..."

"सहज कुणी पिशवी घेऊन उभं राहतं इथं?"

"तुम्ही नाही का उभ्या?"

"चार महिने पगार नाही, आणि मला शिगोशीग डाळ पाठवतेस?"

"दादांचा हात मोडलाय. म्हटलं, तुम्ही मागून काही घेणार नाही, निदान वाटीनं तरी जाऊ दे." धाकटीचे डोळे भरले. "पण तुम्ही लगेच साखर भरून परत! मग तिला उत्तर द्यायला मी पुन्हा डबे खरवडायचे!"

"म्हणजे आपण दोघींनी मिळून एकमेकींना उपाशी मारलं की गं!"

आधी धाकटीला हसू फुटलं, मग थोरलीला, आणि थांबता थांबेना. हसताना थोरलीला लाज वाटत होती. जिला इतके दिवस दिमाख समजून मनात शिव्या घातल्या, ती माया होती. तिला तिथंच धाकटीला जवळ घ्यावंसं वाटलं, पण ढेरपोट्या ओरडला, "बायांनो, हसा पण रांग सरकवा!"

भर उजेडात, भर रस्त्यानं दोघी पिशव्या घेऊन बडबडत घरी आल्या. ओढणी केव्हाच डोक्यावरून घसरली होती.

संध्याकाळी पिशवी रिकामी करताना थोरलीला कळलं, चहा आलेलाच नाही. ओट्यावर धाकटीची वाटी होती. तिनं ती घासली, पुसली, आणि तशीच घेऊन जिना चढली.

"वाटी रिकामीच आणलीय गं," ती म्हणाली. "माझ्या पिशवीत चहा नाही निघाला. थोडा देतेस?"

धाकटीनं पुडा फोडला आणि सवयीनं वाटी भरू लागली. थोरलीनं तिचं मनगट धरलं.

"अर्धीच. तुलाही पुरायला हवा."

ती जिना उतरू लागली. अर्धी वाटी, सांडायची भीती नव्हती. तरी तिनं ती दोन्ही हातांनी धरली होती.