सेबीचा घास

"दुखला-खुपला तरी तो सांगूचो नाय. राजांच्या क्रमात तो चुकलो, की माका फोन कर," मानखुर्दला परत जाताना रत्नप्रभाताई म्हणाल्या होत्या. त्यांचे भाऊ, शरच्चंद्रकाका, मुलुंडला आमच्या समोरच्या घरात एकटे राहायचे. मी हसून "हो हो" म्हटलं. माझ्या लेकीला, गार्गीला, शिंक आली तरी डॉक्टरांना फोन लावणारी मी, हे मात्र विसरले.

काका कॉलेजच्या लायब्ररीत शिपाई होते. धूळ झटकता झटकता एक पुस्तक त्यांना चिकटलं ते कायमचं: इंग्लंडातल्या एसेक्स नावाच्या, तेराशे वर्षांपूर्वीच्या राज्याचं. त्यावरच ते इंग्रजी शिकले. गार्गी जेवायची नाही, तेव्हा वाटी घेऊन तेच बसत. "हा घास स्लेडचा. हा त्याच्या मुलाचा, साबर्टचा." एखादा राजा गाळला तर ती तोंड मिटायची. शेवटी सेबी, आणि त्याचे दोन मुलगे मिळून गादीवर बसले, म्हणून दोन छोटे घास एकदम.

"तीस वर्षं राज्य केलं गं सेबीने," ते मला सांगायचे. "आजारी पडला, गादी सोडून साधू झाला. पण मरताना कण्हलो, भलतंच बोललो तर? याची त्याला लाज. बिशपला म्हणाला, त्या वेळी तुम्ही आणि दोन माणसं. बाकी कोणी नको."

"काका, कण्हलं तर काय बिघडलं?"

"तो राजा ना पण."

गुरुवारी गार्गी जेवून आली. "आई, आजोबांनी सेबीनंतर परत स्लेड आणला."

मी बेल वाजवली. आतून आवाज आला, "ठीक आहे गं. पडलोय जरा." माझा कुकर गॅसवर होता. मी परत फिरले.

शुक्रवारी दहा वाजले तरी दुधाची पिशवी कडीलाच. आमच्याकडच्या किल्लीने दार उघडलं. काका खुर्चीत ताठ बसलेले, इस्त्रीचा शर्ट, एक हात पोटावर, दातांत घडी केलेला नॅपकिन. तो चावून चावून फाटला होता.

"आतडं फुटलंय. दोन दिवस कसे काढले यांनी?" हॉस्पिटलात डॉक्टर म्हणाले. आमच्या दोन दारांत चार पावलांचं अंतर. मला साधं कण्हणंसुद्धा ऐकू आलं नव्हतं.

काका गेले तेव्हा जवळ रत्नप्रभाताई आणि मी, दोघीच होतो. "गार्गी जेवली?" एवढंच ते बोलले.

आता गार्गी आपल्या हाताने जेवते. सेबीच्या मुलांनंतर एक घास थांबून घेते. तो कुणाचा, हे मी विचारत नाही.

तुमच्या समोरच्या दारामागून कोणी "ठीक आहे" म्हणालं, तर गॅस बंद करून या. दार उघडेपर्यंत तिथेच थांबा.