भिंतीवरचं साखरपाणी

“साखरपाण्याची बाटली सामाईक भिंतीवर टांगू नकोस, पोरी,” चाबेला आत्यानं नेरेइदाला बजावलं होतं. “पाखराला जागेची सवय लागते. आणि पाखराची सवय माणसाला कळते.”

नेरेइदानं ते हसण्यावारी नेलं. मोरेलिया शहरातल्या कॉलेजात ती जीवशास्त्र शिकून आलेली. वाटीभर साखरेला चार वाट्या पाणी, रंग नाही, मध नाही, बाटली गरम पाण्यानं विसळायची. याउप्पर पाखरांबद्दल आत्याकडून काय शिकायचं? सकाळचं पहिलं ऊन भिंतीवर पडायचं, म्हणून बाटली भिंतीवर. खाली आईनं लावलेला लाल साल्व्हिया.

आई गेली त्या वर्षी, मृतांच्या सणाला घरोघर झेंडूच्या पाकळ्या पसरलेल्या असताना, आईच्या साल्व्हियावर एक चुपारोसा, म्हणजे फुलातला मध चोखणारा पक्षी, आला. अंगठ्याएवढा जीव, तांबूस अंग, गळ्यावर निखारा, पंखांची नुसती गुणगुण. डाव्या डोळ्यामागं एकच पांढरं पीस. गेलेल्यांचा निरोप हे पाखरू आणतं, असं तिच्या लोमा गावात म्हणतात. नेरेइदाचा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. पण पुढच्या वर्षी सण जवळ आला तशी ती भिंतीकडे डोळे लावून बसली, आणि पांढरं पीस दिसल्यावर तान्ह्या लेकीला, साराईला, कडेवर उचलून “आजी आली बघ!” म्हणून गेली. त्यानंतरच्या वर्षीही ते आलं. थंडीभर राहायचं, इतर पाखरांना हुसकायचं, वसंतात उत्तरेला निघून जायचं.

मग एका हिवाळ्यात ते आलं आणि आठवड्याभरात दिसेनासं झालं. बाकीचीही विरळ झाली. नेरेइदाच्या जिवाला घोर लागला. पाणी आंबलं का? मांजर टपलंय का? आणि एके दिवशी भिंतीशी खेळणाऱ्या साराईची बोटं एकमेकांना चिकटली. नेरेइदानं तेल लावून ती सोडवली, तर चिकात एक तांबूस पीस अडकलेलं. बाटलीशेजारी पलीकडून एक काटकी आत वळवलेली होती. पाखरं धरायला फासतात तो चीक तिच्यावर चकाकत होता.

पलीकडे राहायची फिलोमेना; वयाच्या मानानं गाव तिला दोन्या म्हणायचं. एकटी विधवा. बाजारात तिचं वशीकरणाच्या ताइतांचं दुकान. वाळवलेला चुपारोसा लाल धाग्यात गुंडाळायचा, वर प्रार्थना पुटपुटायची. नवरा घरात टिकावा म्हणून बायका तो पोलक्यात लपवतात.

बाजाराच्या दिवशी नेरेइदा लेकीला घेऊन दुकानासमोर उभी राहिली. फिलोमेना एका गिऱ्हाइकाला पटवत होती, “हे रानातलं नाही, बाई. साखरेवर पोसलंय. संसार गोड होतो.” तिच्या तळहातावर, अर्ध्या गुंडाळलेल्या धाग्यातून, पांढरं पीस डोकावत होतं.

“ते माझं पाखरू आहे, दोन्या.”

“तुझं?” फिलोमेनानं धागा ओढून गाठ मारली. “आभाळातल्या जिवाला दावं बांधलं होतंस होय?”

भोवतालच्या बायका खिदळल्या.

“माझ्या बाटलीवर धरलंत त्याला!”

“माझ्या काटकीवर धरलं. आणि तुझं लेकरू तापानं फणफणलं होतं तेव्हा त्याच्यावरून अंडं कुणी उतरवलं गं? तेव्हा नाही आठवलं तुला तुझं-माझं?”

नेरेइदा लेकीला ओढत निघाली. पोलिसात जावं, तर हवालदाराच्याच टोपीत एक ताईत होता, हे सगळ्या गावाला ठाऊक. घरी येऊन तिनं बाटली काढली, फोडली, आणि काचा वेचता वेचता ठरवलं: हिचं दुकान उठवायचं.

सकाळी बायका शिजवलेला मका घेऊन गिरणीवर रांग लावतात. गावाची न्यायसभा तीच. नेरेइदानं घाई केली नाही. ओतिलिया रांगेत पुढे येईपर्यंत थांबली. ओतिलियाचा नवरा उत्तरेकडे कामाला गेलेला, आणि पोलक्यात फिलोमेनाचा ताईत.

“तुझा साखरेवरचा की फुलावरचा, कोमाद्रे?” नेरेइदानं मैत्रिणीसारखं सहज विचारलं.

“साखरेवरचा. महागातला. का गं?”

“काही नाही.”

“काही नाही म्हणणारीच्या पोटात पुष्कळ असतं. बोल!”

“फुलावरचं पाखरू आपल्या फुलाकडे परत येतं. बाटलीवरच्याला फुकट खायची चटक. आज या दारी, उद्या त्या दारी. त्याचा गुण अंगात उतरतो म्हणे.”

“कॉलेजात शिकवतात हे?”

नेरेइदानं पापणीही न हलवता सांगितलं, “पहिल्याच वर्षाला.”

ओतिलियाचा हात पोलक्याकडे गेला. अशिक्षित बाईनं सांगितलं असतं तर रांगेतल्या बायका हसल्या असत्या. शिकलेलीचा शब्द मात्र मक्याआधी दळला गेला.

योगायोग असा, की त्याच महिन्यात ओतिलियाच्या नवऱ्याचा फोन येणं बंद झालं. तिनं ताईत आणून भर बाजारात फिलोमेनाच्या तोंडावर फेकला. पाठोपाठ दुसरीनं, तिसरीनं. ज्यांचे नवरे मुळातच बाहेरख्याली होते, त्यांनाही आता कारण सापडलं. दुकान उठलं. मग गिरणीवाली तिचा मका घेईना. चर्चमध्ये तिच्या बाकावर कुणी बसेना.

फिलोमेना एकदा भिंतीशी आली. गालफडं बसलेली. “पुरे कर गं आता. खोटं आहे म्हणून सांग त्यांना. तुझं ऐकतील.”

साराईची वेणी घालत नेरेइदा म्हणाली, “गावच्या तोंडाला मी दावं कसं बांधू, दोन्या?”

म्हातारी काठी टेकत आत गेली. त्या दिवशी नेरेइदाला जेवण गोड लागलं. खोटं कशाला बोला, फार गोड लागलं.

यंदा तिनं नवी बाटली आतल्या अंगणात, स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी टांगली. सण झाला आणि चुपारोसे आले. कोवळे, भांडखोर, कुणाच्याच ओळखीचे नसलेले. साराई टाळ्या पिटते.

पण रविवारपासून पलीकडे चूल पेटलेली नाही. कोंबड्या दिवसभर कलकलतात. सकाळी नेरेइदा दोनदा भिंतीपर्यंत गेली आणि परतली. गेलं तर बोलावं लागेल, बोललं तर माफ करावं लागेल, आणि ते तिच्याच्यानं अजून होत नाही. गावातलं दुसरं कुणी जाणार नाही. तशी तजवीज तिनंच करून ठेवलीय.

म्हणून तिचं मागणं तुमच्याकडे आहे. तुम्ही गिरणीच्या रांगेतले नाही. भिंतीपलीकडच्या निळ्या दारावर थाप मारा. उत्तर आलं नाही तर पुन्हा मारा, कडी नुसती लोटलेली असते, आत जा. आणि कुणी पाठवलं असं म्हातारीनं विचारलं, तर नेरेइदाचं नाव घेऊ नका. पण लवकर जा.