लाल कोणतं, हिरवं कोणतं

लाल पानांचं बेसिल, म्हणजे विलायती तुळस, ही बायकोची हौस. मी सुतार माणूस, माझा झाडांशी संबंध त्यांच्या फळ्या झाल्यावर. पण थंडीत बायको गेली, बियांची शेवटची पुडी मागे राहिली आणि मी ती मागच्या अंगणातल्या वाफ्यात सगळीच्या सगळी पेरली. तिचं एवढं तरी घरात राहावं, बास.

बी झकास उगवलं. पण या बियांना एक खोड असते, लालांच्या पोटी बरीच हिरवी निघतात. ती बोटभर असतानाच उपटावी लागतात, नाहीतर पुढचं बी भेसळीचं होतं. हे काम तिचं. मला लाल-हिरव्यातला फरकच कळत नाही, जन्मापासून. बायकोशिवाय कुणालाही हे ठाऊक नव्हतं. गिऱ्हाइकाला पॉलिशचा रंगसुद्धा तीच दाखवायची.

आता विचारायचं कुणाला? या वयात शोभा करून घ्यायची? आठवडाभर टाळलं. मग एका सकाळी चष्मा पुसून वाफ्यापाशी बसलो. काही रोपं जरा गडद वाटली. गडद ती हिरवी, असं माझं मीच ठरवलं आणि उपटून कागदावर टाकली.

दुपारी वरच्या मजल्यावरच्या नर्सबाई शिडी परत करायला आल्या आणि कागदापाशी थबकल्या.

"काका, इतकी छान लाल रोपं का उपटलीत?"

मी कागद उचलून डोळ्यांपाशी धरला. "लाल? सगळी?"

"सगळीच की! वाफ्यात नुसती हिरवी उरलीत. दिसत नाही का तुम्हाला?"

"नाही दिसत," मी म्हणालो. जन्मभर लपवलेलं दोन शब्दांत सांगून मोकळा झालो.

त्या हसल्या नाहीत. पदर खोचून खाली बसल्या. "पाणी आणा आधी." त्या एकेक रोप हातात देत गेल्या, मी परत वाफ्यात लावत गेलो. माना टाकलेली चौदा रोपं. मी त्यांच्यावर ओल्या गोणपाटाची सावली केली. रोज ड्यूटीवर जाताना बाई कुंपणापाशी थांबून बघायच्या आणि नकारार्थी मान हलवायच्या. तेरा गेली. मी रडलो, खोटं कशाला बोलू?

नवव्या दिवशी त्या कुंपणावरूनच ओरडल्या, "काका, एक जगलं! नवी पानं फुटलीत. लाल!"

"लाल म्हणजे कसं हो?"

"कसं म्हणजे? लालच. चांगलं लाल आहे." त्यांची बस चुकत होती, त्या पळाल्या.

बायकोने नीट सांगितलं असतं. ती कधी म्हणायची, आजचा लाल तापलेल्या पत्र्यासारखा आहे, हात लावू नका. कधी म्हणायची, भांडून गप्प बसलेल्या माणसासारखा आहे. आणि मला तो दिसायचा.

मी रोपापुढे उकिडवा बसून बघत राहिलो. चार पानं होती, मळकट.