वाटीभर कच्चं दूध

बहात्तरचा दुष्काळ सरला, वैरागच्या बाजारातनं चार शेळ्या दावणीला आल्या आणि त्याच महिन्यात होटगीची वच्छला सून म्हणून तानाबाईच्या घरात आली. झालं! शेळ्या एकामागून एक गाभडायला लागल्या, दिवस भरायच्या आधीच मेलेली करडं टाकायला लागल्या. मग तानाबाईच्या एकुलत्या एका लेकाला, बिरप्पाला, तापानं धरलं. चार दिवस उतरायचा, पुन्हा चढायचा. खुद्द तानाबाईचीही हाडं ठणकत होती. घरात ठणठणीत एकटी वच्छला. आता सांगा, संशय येणार नाही तर काय होईल?

तानाबाईनं पाळत ठेवली आणि एका सकाळी पकडलंच. वच्छला आपल्या वाट्याचं दूध गुपचूप चुलीवर उकळत होती. ह्या घरात शेळीचं दूध धारेचं, फेसासकट प्यायचं. विस्तवावर ठेवलं की शेळीची कास जळते, अशी पक्की समजूत.

"सटवे, ह्ये करतीस व्हय! म्हणून गाभडत्यात माजी शेरडं!"

"आत्या, कच्च्या दुधानं मळमळतंय मला. म्हायेरी आमी तापवूनच पितो की."

"बिरोबाचा भंडारा उचल आन् कच्चं पी माज्यासमोर. खरी असशील तर पिशील."

वच्छलानं भंडारा कपाळाला लावला, डोळे मिटून वाटी रिकामी केली. तरी तानाबाईचं मन काही निवळलं नाही.

तीन आठवड्यांनी बिरप्पाला उठवेना, तेव्हा तिनं त्याला सोलापूरला मोठ्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि विचारलं, "घरच्या शेळ्या गाभडल्यात का?"

तानाबाई चपापली. ह्याला कुणी सांगितलं?

"हा शेळ्यांचाच रोग आहे, बाई. कच्च्या दुधातून माणसाला होतो. तुम्हालाही तोच दिसतोय. सहा आठवडे औषध घ्या, मुलगा बरा होईल. पण यापुढं दूध उकळूनच प्यायचं."

उकळून! तानाबाईला वच्छलाची ती वाटी आठवली. लेकाला दवाखान्यातल्याच खाटेवर निजवून तिनं मिळेल ती एसटी पकडली.

घरी पोचली तर वच्छला शेळीपाशी बसलेली, वाटी तोंडाला लावलेली. तानाबाईनं झडप घालून वाटी उडवली. दूध शेणात सांडलं.

पोर रडायलाच लागली. "आता काय चुकलं, आत्या? तुमचा इस्वास बसावा म्हणून त्या दिवसापास्नं रोज कच्चंच पितीया की मी."

"तुजं न्हाय गं बाई, माजं चुकलं," म्हणत तानाबाईनं तिचा हात धरला. हात तापानं फणफणला होता.